इकडे सेव्ह, तिकडे हजर

कापसाचा भाव रोज बदलतो. पांढरकवड्याकडच्या एखाद्या गावात घरी बसून शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाईट सांभाळणारी मुलगी सकाळी लॅपटॉप उघडते, भावाच्या फाईलमधला कालचा आकडा खोडून आजचा टाकते आणि कंट्रोल-एस दाबते. फाईल सेव्ह होते, पण तिच्या लॅपटॉपवर. वेबसाईट ज्या सर्व्हरवरून लोकांच्या मोबाईलवर जाते तो असतो मुंबईत, नाहीतर त्याहूनही लांब, आणि तिथे अजून कालचाच भाव आहे. मग फोन येतो, "दादा, म्या तं सेव्ह केलं, मंग साईटवर काऊन दिसून नाही रायलं?"

दिसत नाही, कारण एकाच फाईलच्या आता दोन प्रती आहेत आणि त्यातली एकच बदलली आहे. दुसरी बदलायची तर कोणीतरी नवी फाईल तिकडे नेऊन ठेवायला हवी. हे हाताने करता येतं, आणि यंत्राकडून आपोआपही करून घेता येतं. आपोआप करण्याला सगळे सिंक म्हणतात.

पुण्या-बंगलोरच्या ऑफिसात सिंक ही निव्वळ सोय असते. आपल्याकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, भर दुपारी लाईन जाते आणि वादळ-पाऊस आला की टॉवरही झोपतो. त्यामुळे कोणतंही साधन हाती घेताना मी आधी एकच प्रश्न विचारतो: अर्ध्यावर तुटलं तर काय होईल? सिंकची आतली घडणही या प्रश्नाच्या वाटेनेच सगळ्यात लवकर समजते.

हाताने नेण्याची पद्धत

बहुतेकांची सुरुवात फाईलझिला या फाईली चढवण्याच्या प्रोग्रामने होते. डावीकडे आपला लॅपटॉप, उजवीकडे सर्व्हर, डावीकडची फाईल ओढून उजवीकडे सोडायची. एखादी फाईल असेल तर ठीक. पण एका बदलासाठी भावाचं पान, वरची पट्टी आणि रंगरूपाची सीएसएस फाईल अशा तिन्ही बदलल्या असतील तर त्यातली एक हमखास राहून जाते, आणि कोणती राहिली हे शोधण्यात सकाळ जाते.

या ओढाओढीच्या खाली पूर्वी एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाईली नेण्याचा जुना ठरलेला नियम, असायचा. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून निघाला आणि तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. त्या काळी नेटवर्कवर मोजकी यंत्रं होती, चोरी करणार कोण? म्हणून एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतो. आज तो वापरू नये. फाईलझिलातच एसएफटीपी निवडता येतं, ते एसएसएच या कुलूपबंद जोडणीतून जातं, आणि वाटेत कोणी डोकावलं तरी त्याला काही वाचता येत नाही. एसएसएचचा जन्मही १९९५ मध्ये असाच, हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यावर तातू यलोनेन यांच्या हातून झाला.

एफटीपीची दुसरी खोड मात्र पासवर्डइतकी बोलली जात नाही. फाईल वर चढवताना सर्व्हर साधारणपणे जुनी फाईल आधीच रिकामी करतो आणि येतील तसे बाइट तिच्यात भरत जातो. निम्मी फाईल गेली आणि राउटर बंद पडला, तर सर्व्हरवर नवी फाईल नाही, जुनीही नाही. पान तयार करणारी पीएचपी फाईल तिथे अर्धी तुटकी आहे, आणि साईट उघडणाऱ्याला कोरं पांढरं पान दिसतं. फाईलझिलात एसएफटीपी निवडलं तरी हा भाग तसाच राहतो.

यावर काही जण म्हणतात, मग थेट सर्व्हरवर लॉगिन करूनच फाईल बदला ना. चांगलं नेट असेल तर खुशाल. पण तिथे तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण मुंबईला जाऊन परत येतं तेव्हा पडद्यावर अक्षर उमटतं. टॉवरची एकच कांडी असेल तर आपण शब्द संपवून बसतो आणि अक्षरं मागून येत राहतात. नेट गेलं की कामच थांबतं. व्हीएस कोड या एडिटरमधली रिमोटची सोय टाइप करताना अडखळत नाही, पण फाईल तिकडचीच असल्याने नेट गेल्यावर तीही सेव्ह करू देत नाही. गावात बसून काम करायचं तर फाईल आपल्या डिस्कवर हवी. नेट असो-नसो, काम चालू राहतं, आणि नेट आलं की बदल तिकडे जातात.

नजर ठेवणारा

आपोआप न्यायचं म्हणजे चार कामं आली: फाईल बदलली हे कळणं, काय पाठवायचं ते ठरवणं, पाठवणं, आणि तिकडे नीट ठेवणं. चारही ठिकाणी तुटू शकतं.

कळण्याचा भाबडा मार्ग म्हणजे दर काही सेकंदांनी सगळं फोल्डर चाळणं. चालतं, पण फोल्डर मोठं असेल तर डिस्क आणि बॅटरी दोन्ही खातं. इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्याला ते परवडत नाही. त्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टीमलाच सांगून ठेवता येतं की या फोल्डरमध्ये काही हललं तर मला कळव. लिनक्समध्ये ही सोय आयनोटिफाय या नावाने २००५ मध्ये, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.१३ पासून आली. मॅकवर एफएसइव्हेंट्स आहे, विंडोजचीही स्वतःची सोय आहे.

आता सेव्ह म्हणजे नक्की काय घडतं ते जरा जवळून पाहू. लिनक्सवर एका खिडकीत या खबरा छापणारी आयनोटिफायवेट ही आज्ञा चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत विम एडिटरमध्ये भावाच्या फाईलमधला एक आकडा बदलून सेव्ह करा. आपल्या दृष्टीने ही एकच कृती असते. पहिल्या खिडकीत मात्र ओळींची रांग लागते. आधी '४९१३' नावाची एक फाईल जन्मते आणि लगेच मरते. या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे का, हे विमने त्या फाईलवर तपासून घेतलेलं असतं. मग तुमच्या मूळ फाईलचं नाव बदलून त्याच्या शेवटी टिल्ड (~) लागतो. मग मूळ नावाची एक नवीकोरी फाईल तयार होते, तिच्यात मजकूर लिहिला जातो, ती बंद होते. शेवटी टिल्डवाली जुनी फाईल पुसली जाते. मधेच वीज गेली तर नवी नाहीतर जुनी, एक तरी फाईल शाबूत राहावी म्हणून विम एवढा खटाटोप करतो.

ही रांग एकदा डोळ्यांनी पाहिली की सिंकच्या साधनांमधले निम्मे पर्याय आपोआप कळतात. नजर एका फाईलवर ठेवली तर पहिल्याच सेव्हनंतर ती टिल्डवाल्या जुन्या फाईलवर जाते आणि ती पुसली गेली की संपते, कारण नव्या फाईलचं नाव जुनं असलं तरी डिस्कच्या लेखी ती वेगळीच फाईल आहे. म्हणून नजर फोल्डरवर ठेवायची. प्रत्येक ओळीला सर्व्हरकडे धाव घेतली तर एका सेव्हला दहा फेऱ्या होतील, म्हणून साधनं थोडं थांबून सगळे बदल एकत्र नेतात. एलसिंकडी हे लिनक्सवरचं साधन मुळात १५ सेकंद थांबतं, हवं तर कमी करता येतं. आणि टिल्डवाल्या, एसडब्ल्यूपीवाल्या तात्पुरत्या फाईली वगळण्याच्या यादीत टाकायच्या, नाहीतर त्याही मुंबईची वारी करून येतील.

आयनोटिफायची एक मर्यादा नवख्यांना हटकून अडवते. तो फोल्डरच्या आतल्या फोल्डरवर आपणहून लक्ष ठेवत नाही, प्रत्येकासाठी वेगळा पहारा लावावा लागतो. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार कोडचं, जंगल असतं, त्यात हजारो फोल्डर. एका वापरकर्त्याने किती पहारे लावावेत याला मर्यादा असते, बरीच वर्षं ती ८,१९२ होती, ५.११ पासूनची कर्नल मेमरी पाहून ती वाढवते. मर्यादा संपली की संदेश येतो 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', आणि माणूस डिस्क रिकामी करत सुटतो. डिस्कचा इथे काही संबंध नसतो. ते जंगल वगळा, किंवा मर्यादा वाढवा. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: फाईली सी ड्राइव्हवर असतील तर आतल्या लिनक्सला बदलाची खबर मिळत नाही. प्रोजेक्ट लिनक्सच्याच घरात ठेवा.

आता आपला प्रश्न. नजर ठेवणाराच अर्ध्यावर बंद पडला तर? लॅपटॉपची बॅटरी संपली, पुन्हा सुरू केल्यावर तुम्ही फाईली बदलल्या, पण एलसिंकडी सुरू करायला विसरलात. आयनोटिफाय मागचं काही सांगत नाही, त्याच्याकडे फक्त आत्ताची खबर असते. खबरांची गर्दी फार झाली तर त्यातल्याही काही तो टाकून देतो. म्हणून चांगलं साधन सुरू होताच आधी दोन्हीकडचं सगळं एकदा ताडून पाहतं, मगच नजर ठेवायला बसतं. एलसिंकडी हे करतो. स्वतः छोटी स्क्रिप्ट लिहिणारी पोरं नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग 'कधी कधी एखादी फाईल जात नाही' अशी तक्रार करतात.

काय बदललं ते ओळखणं

पाठवणारं काम बहुतेक ठिकाणी आरसिंक करतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो ऑस्ट्रेलियात लिहिला आणि जून १९९६ मध्ये जाहीर केला. एलसिंकडी आतून यालाच हाक मारतो.

आरसिंक आधी प्रत्येक फाईलचा फक्त आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. दोन्ही जुळलं तर फाईल तीच मानून पुढे जातो. हे फार झपाट्याने होतं, पण यासाठी फाईल पाठवताना तिची वेळही सोबत पाठवायला सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर सर्व्हरवरच्या प्रतीला चढवल्याची वेळ लागते, वेळ कधीच जुळत नाही, आणि दर वेळी सगळ्या फाईली पुन्हा तपासल्या जातात. 'ए' हा एकाक्षरी पर्याय दिला की वेळ, परवानग्या वगैरे सगळं सोबत जातं. बहुतेक लोक तो सवयीने देतात, आणि ते बरोबरच आहे.

फाईल बदललेली दिसली की खरी करामत सुरू होते. समजा एका अडत्याची जाडजूड वही आहे आणि तिची एक नक्कल यवतमाळच्या पेढीवर आहे. पांढरकवड्याच्या वहीत काही नोंदी बदलल्या. पूर्ण वही फोनवर वाचून दाखवायची का? नाही. यवतमाळचा मुनीम आपल्या नकलेतल्या प्रत्येक पानाची बेरीज सांगतो, इकडचा आपल्या पानांशी ताडतो, आणि जिथे बेरीज जुळत नाही तेवढ्याच ओळी वाचून दाखवतो. इथवर सोपं आहे. पण इकडच्या वहीत पहिल्याच पानावर मधेच एक नोंद घुसवली असेल तर खालची प्रत्येक ओळ एकेक घर सरकते आणि सगळ्याच पानांच्या बेरजा चुकतात, खरं तर बदल एकाच ओळीचा आहे. मग इकडचा मुनीम पानाची हद्दच सोडून देतो. पानात वीस ओळी असतील तर तो १ ते २० ची बेरीज करतो, मग २ ते २१ ची, मग ३ ते २२ ची, आणि यातली कोणती यवतमाळने सांगितलेल्या बेरजेशी जुळते ते बघतो. दर वेळी वीस आकडे नव्याने मिळवायची गरज नसते. वरची ओळ वजा केली, खालची मिळवली, की नवी बेरीज तयार. बेरीज योगायोगानेही जुळू शकते, म्हणून जुळल्यावर त्या वीस ओळींची एक कडक तपासणी होते आणि मगच 'हे तुझं सातवं पान जसंच्या तसं' असं सांगितलं जातं.

आरसिंक अगदी हेच करतो. सर्व्हर आपल्या जुन्या फाईलचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाची एक हलकी व एक कडक बेरीज लॅपटॉपला पाठवतो. लॅपटॉप नव्या फाईलवरून एकेक बाइट सरकत जुळणी शोधतो. जुळलेल्या तुकड्यांचा फक्त क्रमांक जातो, न जुळलेला मजकूर तेवढा खराखुरा पाठवला जातो. ट्रिजेल यांनी पुढे १९९९ मध्ये याच विषयावर पीएचडीचा प्रबंध दिला.

याचं कौतुक करावं, पण मापातच. भावाचं पान असतं काही केबीचं. ते पूर्ण पाठवलं काय नि तुकड्यांनी पाठवलं काय, डेटा पॅकला फरक पडत नाही. फायदा दिसतो तो मोठ्या फाईलीत, म्हणजे वाढत जाणारी नोंदवही किंवा डेटाबेसची उतरवून घेतलेली भलीमोठी प्रत. तिथेही ती प्रत झिप करून ठेवली तर फायदा बुडतो, कारण सुरुवातीला एक अक्षर बदललं तरी पुढचा सगळा आकुंचित मजकूर वेगळा होऊन बसतो. जीझिपमध्ये यासाठीच 'आरसिंकेबल' हा पर्याय आहे. संत्र्याच्या बागेचे फोटो नव्या आकारात सेव्ह केले तर ते बाइटच्या पातळीवर अगदी नवेच असतात, तिथे आरसिंकही काही वाचवत नाही.

लहान फाईलींच्या बाबतीत वेळ जातो तो दर वेळी एसएसएचची जोडणी नव्याने करण्यात. ओळख पटवणं, किल्ल्यांची देवाणघेवाण, यात बऱ्याच फेऱ्या होतात, आणि आपल्या नेटवर प्रत्येक फेरी जाणवते. एसएसएचच्या सेटिंगमध्ये कंट्रोलमास्टर, कंट्रोलपाथ आणि कंट्रोलपर्सिस्ट या तीन ओळी टाकल्या की एकदा झालेली जोडणी काही मिनिटं उघडी राहते आणि पुढचा प्रत्येक बदल तिच्यातूनच जातो. विंडोजच्या स्वतःच्या एसएसएचमध्ये ही सोय चालत नाही, डब्ल्यूएसएलमध्ये चालते. कमी कष्टात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

तिकडे ठेवणं

एफटीपी जिथे मार खातो तिथे आरसिंक शहाणा आहे. तो जुन्या फाईलला हात न लावता शेजारी एक लपवलेली तात्पुरती फाईल बनवतो, तिच्यात सगळं लिहितो, आणि पूर्ण झाल्यावरच तिचं नाव बदलून जुनीच्या जागी ठेवतो. नाव बदलणं एका झटक्यात होतं. त्यामुळे साईट पाहणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाईल मिळते किंवा पूर्ण नवी. मधेच लाईन गेली तर तिकडे जुनंच चालू राहतं. मोठी फाईल अर्धी गेली असेल तर ती टाकून न देता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्यासाठी 'पार्शल-डिर' हा पर्याय आहे, नेट आलं की आधी गेलेला भाग पुन्हा पाठवावा लागत नाही. 'इनप्लेस' हा पर्याय मात्र उत्साहात लावू नका; तो ही सगळी काळजी बाजूला ठेवून थेट जुन्या फाईलवरच लिहितो.

हे सगळं एका फाईलपुरतं आहे. तीन फाईली बदलल्या आणि दोन गेल्यावर नेट गेलं, तर नवी वरची पट्टी आणि जुनं पान असा बेंगरूळ संसार काही काळ दिसणारच. 'डिले-अपडेट्स' लावला तर सगळ्या फाईली आधी तिकडे गोळा होतात आणि शेवटी एकामागून एक झटपट जागेवर बसतात. मोठ्या साईटवाले तर दर वेळी नवं फोल्डर चढवतात आणि सगळं पोचल्यावर 'सध्याची साईट' या नावाचा दुवा नव्या फोल्डरकडे वळवतात.

अडकलेल्या जोडणीबद्दल एक गोष्ट. नेट तुटतं तेव्हा ते नेहमी सांगून तुटत नाही. जोडणी जिवंत दिसते पण काही जात नाही, आणि आरसिंक निवांत वाट पाहत बसतो. त्याला 'टाइमआउट' द्या, एसएसएचला 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' द्या. मग तो ठरल्या वेळी हार मानतो आणि एलसिंकडी पुन्हा प्रयत्न करतो.

मालक कोण?

आतापर्यंत तुटल्यावर काम फक्त उशिरा होत होतं. आता नुकसानाची गोष्ट.

आरसिंक एकतर्फी आहे. इकडचं तिकडे नेतो, तिकडचं बघत नाही. इकडे पुसलेली फाईल तिकडेही पुसायची असेल तर 'डिलीट' हा पर्याय द्यावा लागतो, आणि एलसिंकडीत तो मुळातच चालू असतो. त्याचा अर्थ नीट वाचा: जे लॅपटॉपवर नाही ते सर्व्हरवरही राहणार नाही. शेतकऱ्यांनी साईटवरून चढवलेले मालाचे फोटो सर्व्हरच्या अपलोड्स फोल्डरमध्ये असतात, तुमच्या लॅपटॉपवर ते कधी नव्हतेच. पहिल्याच सिंकला ते साफ होतील. असं फोल्डर वगळण्याच्या यादीत टाका. वगळलेल्याला आरसिंकचा डिलीट हात लावत नाही.

पेनड्राइव्हवर प्रोजेक्ट ठेवणाऱ्यांचा धोका निराळा. पेनड्राइव्ह लावलेलाच नाही, फोल्डर रिकामं दिसतंय, आणि सिंक सुरू झालं. यंत्राच्या समजुतीप्रमाणे तुम्ही सगळं पुसलंय. 'मॅक्स-डिलीट' देऊन एका वेळी अमुक फाईलींच्या वर पुसू नको असं बजावता येतं. 'बॅकअप-डिर' दिला तर पुसलेल्या आणि बदललेल्या फाईली सर्व्हरवर दुसऱ्या फोल्डरमध्ये साठत जातात. त्याशिवाय सिंकला बॅकअप समजू नका, तो चुकाही तितक्याच इमानदारीने पोचवतो.

फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघही सांभाळा. रेघ असेल तर फोल्डरच्या आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो आणि तिकडे फोल्डरमध्ये फोल्डर तयार होतं. डिलीटसोबत ही गफलत महागात पडते. म्हणून कोणतीही नवी आज्ञा आधी 'ड्राय-रन' आणि सोबत 'व्ही' हा पर्याय लावून चालवा. काहीही न हलवता तो काय करणार याची यादी छापतो. त्या यादीत 'डिलीटिंग अपलोड्स/संत्रा-१.जेपीजी' अशी ओळ दिसली की हात थांबतो. मी अनोळखी सर्व्हरवर ड्राय-रनशिवाय कोणाला एंटर दाबू देत नाही, मग ते हसले तरी चालेल.

दोन्हीकडे फाईली बदलत असतील, म्हणजे घरी तुम्ही आणि तालुक्याच्या ऑफिसात दुसरं कोणी, तर एकतर्फी साधन चालणार नाही. दुसऱ्याने सर्व्हरवर केलेलं काम तुमचा पुढचा सेव्ह मुकाट्याने झाकून टाकेल. त्यासाठी युनिसन किंवा सिंकथिंग ही दुतर्फी साधनं आहेत. मात्र नेट नसताना दोघांनी एकच फाईल बदलली असेल तर खरं कोणाचं हे कोणतंही यंत्र ठरवू शकत नाही. युनिसन तुम्हाला विचारतो. सिंकथिंग एक प्रत ठेवतो आणि दुसरी 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं नाव लावून शेजारी ठेवतो. ती उघडून बघण्याचं काम आपलंच. दोघांहून जास्त माणसं असतील तर माझं मत सरळ आहे: गिट, म्हणजे प्रत्येकाच्या बदलांची नोंद ठेवून ते जुळवणारं साधन, वापरा.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक ओळ: थीम फाईलींत असते, पण लेख आणि पानं डेटाबेसमध्ये असतात. फाईल सिंकने ती जात नाहीत, आणि चालू डेटाबेसच्या फाईली उचलून नेण्याचा प्रयत्नही करू नका, प्रत मोडकी निघते.

बसवायचं कसं

विंडोजवर विनएससीपी घ्या, त्यात 'कीप रिमोट डिरेक्टरी अप टू डेट' नावाची आज्ञा आहे. व्हीएस कोडमध्ये एसएफटीपीचं एक्स्टेन्शन टाकून 'अपलोड ऑन सेव्ह' चालू केलं तरी भागतं. लिनक्सवर एलसिंकडी, मॅकवर बदलाची खबर देणारा एफएसवॉच आणि आरसिंकची जोडी. काहीही घेतलं तरी चालू साईटवर थेट सिंक लावू नका. सेव्ह म्हणजे काम पूर्ण झालं असं नसतं. अर्धवट ओळही सेव्ह होते, आणि एडिटरचं ऑटोसेव्ह चालू असेल तर ती तुमच्या नकळत लोकांसमोर जाते. त्याच सर्व्हरवर चाचणीची वेगळी साईट करा, सिंक तिच्याशी लावा, आणि तिथे बघून झालं की चालू साईटवर एका आज्ञेने स्वतःच्या हाताने न्या.

आपोआप जायचं म्हणजे दर वेळी पासवर्ड विचारून चालणार नाही, म्हणून एसएसएचच्या किल्लीची जोडी बनवावी लागते. ईडी२५५१९ प्रकारची बनवा. सार्वजनिक भाग सर्व्हरवर, खाजगी भाग फक्त तुमच्या लॅपटॉपवर, त्यालाही सांकेतिक वाक्याचं कुलूप. सेवा केंद्रातल्या किंवा नेट कॅफेतल्या सामायिक कॉम्प्युटरवर ही किल्ली एका दुपारपुरतीही ठेवू नये. सर्व्हरवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून सिंक करू नका, त्या एका फोल्डरपुरता वेगळा वापरकर्ता करा.

उरली नावं. विंडोजला 'फोटो' या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर मोठं की लहान याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. त्यामुळे लॅपटॉपवर दिसणारं चित्र सर्व्हरवर हरवतं. मराठी नावांची गंमत याहून खोल आहे. 'शेतकऱ्यांची-यादी' या नावातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असा तोडून. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाईल पद्धत नाव तोडून साठवायची, लिनक्स दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवतो. मग सर्व्हरवर दोन 'शेतकऱ्यांची-यादी' शेजारी शेजारी उभ्या राहतात, डोळ्यांना हुबेहूब सारख्या, यंत्राला वेगळ्या, आणि तुम्ही बदललेली कोणती हे पाहून सांगता येत नाही. आरसिंकमध्ये यावर 'आयकॉन्व्ह' हा पर्याय आहे. पण फाईलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवलं तर त्याची गरजच पडत नाही. पानावरचं शीर्षक मराठीत हवं तसं लिहा, त्याने सिंकला काही फरक पडत नाही.